आईचे गुडघे, लेकाची कासवं आणि बाबांचं शेगाव : मुक्कामाला तुम्ही कुठे उतरता?

अबोली_पुणे
नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतेय. घरात आम्ही सहा जण. आई ६८, गेल्या वर्षी दोन्ही गुडघे बदललेत, चालते छान पण खाली बसता येत नाही आणि जिना म्हटलं की तिच्या जिवावर येतं. बाबा ७४, शुगर आहे, जेवणाची वेळ चुकून चालत नाही. नवरा, मी, धाकटा दीर आणि नऊ वर्षांचा लेक. लेकाच्या शाळेत समुद्री कासवांची फिल्म दाखवली तेव्हापासून त्याला कोकणात वेळासला जाऊन पिल्लं समुद्रात जाताना बघायचीच आहेत. बाबांना शेगावला जायचंय, ते तर गेली तीन वर्षं चाललंय. दिराला तंबूत राहायचंय.
गाडी अडते ती मुक्कामावर. गेल्या दिवाळीत ॲपवर फोटो बघून समुद्राकाठी एक जागा घेतली होती, फोटोत सगळं लखलखीत, खाली 'कुटुंबासाठी उत्तम' असंही लिहिलेलं. पोचलो तर खोल्या दुसऱ्या मजल्यावर, जिना लोखंडी आणि अरुंद, कठडा एकाच बाजूला. आई पहिल्या पायरीवर हात ठेवून वर बघत उभी राहिली आणि म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी गाडीत बसते. तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही अजून. मालकांना विचारलं तर म्हणे तुम्ही विचारलं नव्हतं. खरंच विचारलं नव्हतं मी.
तर आता विचारतेय. घरगुती सोय, एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ), भक्तनिवास, हॉटेल, तंबू, शेतावरचं राहणं, तुम्ही कशाकशात राहिलात, कुणाला घेऊन गेला होतात, बुक करताना काय विचारता? मार्चमध्ये वेळास आणि नंतर कधीतरी शेगाव असा बेत आहे.

रानवाट
वेळासला मोठं हॉटेल नाही, गावातल्या घरांमध्येच राहायचं असतं आणि तीच तिथली मजा आहे. पण आईंचं बघता एक मार्ग सुचवतो. हरिहरेश्वरला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, तिथे तळमजल्यावरची खोली मागा. तिथून बागमांडल्याला येऊन फेरीबोटीत गाडी चढवायची, बाणकोटची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवी आणि मग बाणकोट किल्ल्याच्या बाजूने वेळास. किल्लाही बघून होतो. अडचण एवढीच की पिल्लं सोडतात सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. सकाळसाठी पलीकडून निघायचं तर पहिली बोट किती वाजता हे आधी फोन करून विचारा, नाहीतर धावपळ होईल. म्हणून मी स्वतः गावातच राहीन.
एमटीडीसीबद्दल लोक काहीही बोलोत, १९७५ साली महामंडळ झालं, तेव्हापासून हातात आलेल्या जागा अशा आहेत की तशा आज कुणाला मिळणार नाहीत. गणपतीपुळे, भंडारदरा, माळशेज, तारकर्ली, अजिंठ्याजवळ फर्दापूर. खोलीतल्या चादरी कधी जुन्या निघतात, पण आवार मोठं असतं, गाडी खोलीच्या दारापर्यंत जाते आणि म्हाताऱ्या माणसांना हेच लागतं.

खाडीकाठ
अबोलीताई, मी दुसऱ्या बाजूचा माणूस. आमचं घर दापोली तालुक्यात आहे, चिऱ्याचं, पुढे पडवी मागे वाडी, आणि गेली अकरा वर्षं तीन खोल्या पाहुण्यांना देतो. इथे जाहिरात करायची नाही म्हणून गावाचं नाव लिहीत नाही, पण यजमानाच्या बाजूने काही सांगतो, उपयोग होईल.
फोन आला की शंभरातले नव्वद लोक एकच विचारतात, रूम कितीला. मग एसी आहे का. एवढ्यावर बुकिंग होतं. मी उलट विचारतो, किती जण, वयं काय, पायऱ्या चढता येतात का, शाकाहारी किती, मासे खाणारे किती, साखरेचं कुणाला आहे का. काहींना राग येतो, एवढी चौकशी कशाला म्हणतात. अहो, आम्हाला स्वयंपाक करायचा असतो ना. नारळ किती खवायचे, हर्णैच्या लिलावाला जाऊन मासळी किती आणायची हे सगळं आदल्या दिवशी ठरतं. हॉटेलासारखं फ्रिजमधून काढून दिलं असं आमच्याकडे होत नाही, बायको पहाटे पाचला उठते तेव्हा कुठे साडेआठला घावणे पानात पडतात.
मागच्या मे महिन्यात बारा जणांचं कुटुंब येणार म्हणून फोन होता. अडव्हान्स घेतला नव्हता, ओळखीतून आलेले. बायकोने मोदकांची उकड काढली, एकेक करून साठ मोदक वळले. दोन वाजले, तीन वाजले, फोन बंद. संध्याकाळी मेसेज आला की वाटेत दुसरीकडे स्विमिंग पूलवालं मिळालं म्हणून मुलांसाठी तिथे थांबलो. मोदक आम्ही आळीत वाटले. पैशाचं जाऊ दे, पण तिने त्या दिवशी रात्री जेवण केलं नाही. तेव्हापासून अडव्हान्स घेतल्याशिवाय पान मांडत नाही.
तुमच्या कामाचं सांगतो. बुक करण्याआधी यजमानाला सांगा की व्हिडिओ कॉल करा आणि गाडी लागते तिथून खोलीपर्यंत चालत दाखवा, मग न्हाणीघर दाखवा. जो माणूस चांगला आहे तो दाखवतोच. बघायचं काय, तर कमोड आहे का, असला तर त्याच्या शेजारी धरायला काही आहे का, फरशी कसली आहे (गुळगुळीत टाइल म्हणजे म्हाताऱ्या माणसाला घात), उंबरा किती उंच, न्हाणीघर खोलीला लागून आहे की अंगणातून जावं लागतं. कॉट किती उंच हेही विचारा, गुडघे बदललेल्यांना बुटक्या कॉटवरून उठवत नाही. आमच्याकडे आधी कमोड नव्हता. चार वर्षांपूर्वी मिरजेच्या एक आजी आल्या, दोन दिवस पाणीच कमी प्यायल्या, का ते आम्हाला निघताना कळलं. पुढच्याच महिन्यात गवंडी बोलावला.
वेळासला बहुतेक घरी अशी विचारपूस करून लोक जातात, त्यांना सवय आहे. फक्त शनिवार रविवार टाळता आला तर टाळा.

माणदेशी
खाडीकाठ काका, मोदकांचं वाचून वाईट वाटलं. आम्हीही एकदा असंच ऐनवेळी रद्द केलं होतं, मुलाला ताप होता, पण फोन करायला हवा होता तो केला नाही. आता करतो.

वऱ्हाडकर
शेगावचं मी सांगतो, अकोल्याचा आहे, महिन्यातून एकदा तरी जाणं होतंच.
पहिलं म्हणजे बाबांना न्यायचं तीन वर्षं लांबलंय ते आता लांबवू नका. स्टेशनवर उतरलं की गजानन महाराज संस्थानची बस असते, मंदिरापर्यंत पैसे घेत नाहीत. भक्तनिवासाची खोली तिथे गेल्यावर काउंटरवरच घ्यायची, आधार कार्ड सगळ्यांचं जवळ ठेवा. रांग असते पण सरकते. गुरुवार, एकादशी, रामनवमी, माघातला प्रकटदिन आणि ऋषिपंचमीची पुण्यतिथी हे दिवस सोडून गेलात तर खोली मिळायला त्रास होत नाही असा माझा अनुभव आहे. मंदिराजवळची भक्तनिवासं भरली असली तर विसावा नावाचा परिसर आहे, जरा लांब पण मोकळा, झाडं आहेत, तिथून मंदिरात यायला बस असते.
खोलीत थाटमाट काही नसतो. कॉट, गादी, धुतलेली चादर, पंखा, स्वच्छ संडास. पण ते 'स्वच्छ' कसं असतं ते बघायलाच जावं. मी एकदा पहाटे चारला बाहेर आलो तर एक सेवेकरी वाकून पायरीच्या कोपऱ्यातली धूळ फडक्याने काढत होता, कुणी बघत नव्हतं, दिवाही अर्धवटच होता. पांढरे कपडे, डोक्यावर टोपी. मी बाजूने जायला लागलो तर हात जोडून म्हणाला, माऊली, ओलं आहे, सावकाश या. तिथे लहान पोरालासुद्धा माऊलीच म्हणतात. कित्येक सेवेकरी नोकरीधंदा सांभाळून पाळीपाळीने सेवेला येतात, कुणी शेतकरी, कुणी मास्तर, कुणी दुकानदार.
माझ्या सासऱ्यांना दर्शनाला चाकाची खुर्ची मिळाली होती, तुमच्या आईंसाठी पण विचारा. महाप्रसाद वेळेवर असतो त्यामुळे बाबांच्या शुगरची काळजी नको. आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संस्थानची पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वर इथेही राहायची सोय आहे. ओंकारेश्वरला आम्ही राहिलो, तिथे परमुलखात मराठी बोलणारे सेवेकरी भेटले की फार बरं वाटतं.

निशिगंध
एक वेगळं मत मांडू का? मी नर्स आहे म्हणून असेल कदाचित. घरगुती, भक्तनिवास सगळं चांगलंच आहे, पण ज्यांना शुगर बीपी आहे अशांना घेऊन जाताना मी आधी जवळचा दवाखाना किती अंतरावर हे बघते आणि मग मुक्काम. तुमच्या बाबांचं इन्सुलिन असेल तर ते थंड ठेवायची सोय लागेल, कोकणात लाइट गेली की तासन्‌तास येत नाही, छोटी थर्मासची पेटी बर्फाच्या पॅकसकट न्या. थोडे जास्त पैसे मोजून शहरातल्या साध्या हॉटेलात लिफ्ट, जनरेटर आणि रात्री खाली बसलेला माणूस मिळतो, त्यात कमीपणा काहीच नाही. वेळासहून मोठ्या दवाखान्यासाठी मंडणगड किंवा दापोली गाठावं लागेल हे मनात ठेवून औषधं दुप्पट न्या.

अबोली_पुणे
निशिगंध, इन्सुलिनच आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. खाडीकाठ काका, मोदकांचा प्रसंग घरी सगळ्यांना वाचून दाखवला, आई म्हणाली त्यांच्या बायकोला माझा नमस्कार सांग. व्हिडिओ कॉलची आयडिया तर आजच वापरते.

तापीकाठची
धागा पर्यटनाचा आहे, मी लिहू की नको असं दोनदा झालं, पण मुक्काम म्हटलं की मला एकच जागा आठवते म्हणून लिहिते.
२०१९ ला मिस्टरांना टाटाला दाखवायचं होतं. आम्ही जळगाव जिल्ह्यातले, मुंबईत कुणी नातेवाईक नाही. पहिल्या खेपेला परळला लॉजवर राहिलो, चार दिवसांत महिन्याचा पगार गेला, आणि ट्रीटमेंट तर सहा महिने सांगितलेली. वॉर्डमधल्या एका बाईंनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं सांगितलं. कागदपत्रं दाखवली, काही दिवस वाट बघावी लागली, मग जागा मिळाली.
तिथे सगळी एकाच दुखण्याची माणसं. रात्री कुणाला उलटी झाली तर शेजारची बाई उठून पाणी देणार, तिच्या नवऱ्याला झाली तर मी उठणार. भाषा कळायची नाही, ती ओडिशाची होती, पण आम्ही दोघी एकाच वेळी डबे घासायला जायचो आणि तेव्हा ती तिच्या भाषेत आणि मी माझ्या भाषेत बोलायचो. सहा महिने काढले तिथे. मिस्टर आता बरे आहेत.
गाडगे बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, पंढरपूरला तर ज्या काळात अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या वारकऱ्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हतं त्या काळात त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. स्वतः बाबा मात्र कुठेतरी झोपडीत नाहीतर झाडाखाली राहायचे. आम्ही शाळेत हे परीक्षेपुरतं वाचलं होतं. त्या खोलीत पहिल्या रात्री पाठ टेकली तेव्हा मला ते कळलं.
कुणाला मुंबईला उपचारासाठी जायचं असेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी चौकशी करा, लॉजवर पैसे घालवल्यावर नको.

रानवाट
ताई, बरं झालं लिहिलंत. आमच्या ओळखीत एकांना पुढच्या आठवड्यात जायचंय, त्यांना हे पाठवतो.

नर्मदेहर_५८
मी २०१७-१८ मध्ये पायी नर्मदा परिक्रमा केली, ओंकारेश्वरहून उचलली. नदी १३१२ किलोमीटरची, दोन्ही काठ चालायचे आणि ती सदैव उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. साडेचार महिने लागले. त्या एवढ्या दिवसांत एकही मुक्काम आधी ठरवलेला नव्हता, हे माझ्यासारख्या तिकीट कन्फर्म झाल्याशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या माणसाला सुरुवातीला फार जड गेलं.
संध्याकाळ व्हायला लागली की गावात शिरायचं आणि 'नर्मदे हर' म्हणायचं. कुठला तरी आश्रम, देवळाची ओसरी, शाळेचा वऱ्हांडा, कुणाचं घर. आतून आवाज येतो, आइए बाबाजी, आसन लगाइए. आसन लावणं म्हणजे आपली पथारी टाकणं. कुठे तयार जेवण, कुठे सदावर्त, म्हणजे डाळ तांदूळ पीठ मीठ हातात देतात आणि तुम्ही शिजवून घ्यायचं. शूलपाणीच्या झाडीत एका भिलाच्या घरी राहिलो. घरात भांडी मोजून पाच. त्याच्या बायकोने मक्याच्या भाकरी केल्या, आम्हा दोघा परिक्रमावासींना तीन तीन वाढल्या आणि मुलांना एकेक दिली. मी नको म्हणालो तर म्हातारी सासू कोपऱ्यातून म्हणाली, मैयाने धाडलंय तुम्हाला, खा. सकाळी निघताना पैसे ठेवायला गेलो तर घेतले नाहीत, मग मुलांसाठी गूळ घेऊन दिला तेवढा घेतला.
अबोलीताई, तुमच्या आईंना हे शक्य नाही ठाऊक आहे, पण गाडीने परिक्रमा करणारेही पुष्कळ असतात आणि त्यांच्यासाठी आश्रमांत आता खाटा आणि कमोड झालेत. कधी मनात आलं तर विचारा.

राइनकाठ
नर्मदेहर काका, वाचताना अंगावर काटा आला. मी जर्मनीत असते, दोन वर्षांपूर्वी स्पेनमधली सांतियागोची वाट चालले, पूर्ण नाही, सारियापासून शेवटचे शंभरेक किलोमीटर, कारण प्रमाणपत्रासाठी पायी एवढं तरी चालावं लागतं. तिथे वाटेवर यात्रेकरूंसाठी अल्बेर्गे असतात. आपल्या धर्मशाळाच. एका हॉलमध्ये वीस तीस दुमजली खाटा, यात्रेकरूचा पासपोर्ट दाखवायचा, त्यावर शिक्का मारतात, साधारण एकच रात्र राहू देतात आणि रात्री दहाला दिवे बंद. काही ठिकाणी दर नसतो, दारात पेटी ठेवलेली, जमेल ते टाका. एका गावात जागा सांभाळणारे आजोबा सगळ्यांच्या पायाच्या फोडांना पट्ट्या बांधत बसले होते, माझ्या टाचेला पण बांधली. तेव्हा मला वारीत वारकऱ्यांचे पाय चेपणारे लोक आठवले आणि फार भरून आलं.
इथले युथ हॉस्टेलही घरच्यांना घेऊन जायला चांगले असतात, युथ नाव असलं तरी वयाची अट नसते सहसा. ती कल्पना मुळात जर्मनीतल्या एका शाळामास्तराची, रिशार्ड शिरमान त्यांचं नाव, मुलांना घेऊन पायी सहलीला गेले, पाऊस लागला आणि रात्र एका शाळेच्या वर्गात गवत पसरून काढली, तिथून सुरुवात. आपल्याकडेही युथ हॉस्टेल्स असोसिएशन आहे, त्यांचे हिमालयातले ट्रेक कितीतरी मराठी मुलांचे पहिले ट्रेक असतात. दिराला तंबू हवा असेल तर तिथे पाठवा.

सह्यकडा
तंबूवरून लिहितो. भंडारदऱ्याला काजव्यांसाठी मेच्या शेवटी ते जूनच्या मध्यापर्यंत लोक तंबूत राहतात. मी पंधरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा रस्त्यावर आमच्याशिवाय चारच माणसं होती, सादड्याच्या आणि हिरड्याच्या झाडांवर एकदम हजारो दिवे लागत आणि विझत, सगळं झाड श्वास घेतंय असं वाटायचं. दोन वर्षांपूर्वी मुलीला दाखवायला घेऊन गेलो, एका कॅम्पवर राहिलो. शंभराच्या वर तंबू चिकटून चिकटून, मध्ये मोठा स्पीकर, फ्लडलाइट, रात्री बारापर्यंत गाणी. जंगलाच्या रस्त्याला गाड्यांची रांग, सगळ्यांचे हेडलाइट चालू. मुलीने एका झाडावर मोजून तेरा काजवे पाहिले.
काजव्यांचं ते चमकणं म्हणजे नर मादीने एकमेकांना दिलेली हाक असते, आपण त्यांच्यावर टॉर्च मारला की ती हाक हरवते. आणि अंडी, अळ्या ओल्या मातीत असतात, त्यावरून शंभर माणसं चालली की पुढच्या वर्षीचे काजवे तिथेच संपतात. म्हणून कळकळीने सांगतो, तंबूत राहायचं तर आधी तीन गोष्टी विचारा, तंबू किती, स्पीकर आहे का, कचरा आणि संडासाचं पाणी कुठे जातं. चौथं म्हणजे मालक गावातला आहे का. गावातल्या माणसाच्या अंगणात पाच तंबू असतात आणि दहाला तो स्वतः येऊन सांगतो की आता झोपा.

हुरडावाली_आजी
दीर मुलाला घेऊन शेतावर पण राहू शकतील. आमच्या भाच्याने सोलापूरकडे कृषी पर्यटन केंद्र काढलंय, राज्याचं २०२० चं धोरण आल्यावर नोंदणी केली. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरडा. आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कोवळी कणसं भाजायची, हातावर चोळून गरम गरम दाणे पानावर टाकायचे, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. शहरातली मुलं कणीस कसं धरायचं तेही शिकतात. राहायला साध्या खोल्या, पण रात्री आभाळ बघावं.

डबा_एस७
छोटंसं. शेगावला रात्रीबेरात्री गाडी बदलायची वेळ आली तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूम विसरू नका, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर घालून ऑनलाइन मिळतात, बारा तासांसाठीही. आईवडिलांना प्लॅटफॉर्मवर बाकावर बसवण्यापेक्षा कितीतरी बरं.

अबोली_पुणे
मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहिते.
आठवड्याच्या मधल्या दिवसांत गेलो, सोमवारी निघून बुधवारी परत. ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड असा रस्ता. वेळासला ज्या घरी राहिलो त्यांना मी आधी तीन घरांशी व्हिडिओ कॉल करून निवडलं होतं. पहिल्या घरी न्हाणीघर अंगणापलीकडे होतं, त्या काकूंनी स्वतःच सांगितलं की तुमच्या आईंना जमायचं नाही, आमच्या पुतण्याकडे जा, आणि नंबर दिला. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवलं त्यांनी.
पुतण्याच्या घरी कमोड होता पण धरायला काही नव्हतं. आम्ही पोचलो तर त्याने भिंतीत नवा पाइप ठोकलेला, सिमेंट अजून ओलसर होतं. म्हणाला, फोनवर तुम्ही विचारलंत ना, म्हटलं लावूनच टाकू, पुढेही लागेल कुणाला तरी. आईने त्या पाइपला हात लावून बघितला आणि काही बोललीच नाही. कॉटच्या पायांखाली विटा घालून उंचीपण वाढवून दिली. बाबांसाठी नाचणीची भाकरी, बिनसाखरेचा चहा वेगळ्या कपात, आणि जेवण बरोबर साडेबाराला. त्या घरी शाकाहारीच असतं, दिराचं त्यावरून जरा तोंड वाकडं झालं होतं पण फणसाची भाजी आणि सोलकढी झाल्यावर तिसऱ्यांदा भात घेतला त्याने. माणशी ९०० रुपये, दोन जेवणं आणि नाष्टा धरून.
आता कासवं. पहिल्या संध्याकाळी कासवमित्रांनी घरट्यांवरच्या टोपल्या एकेक उचलल्या, सगळ्या रिकाम्या. लेक रडकुंडीला आला. त्यांनी समजावलं की अंड्यातून पिल्लू यायला पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात, आज नाही तर उद्या, त्यांना आपण बोलावू शकत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला निघालो. वाळूत आईचे पाय रुतत होते, तर पुतण्याने प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेतली, पंधरा पावलं चालली की खुर्ची मांडायची, ती बसायची, परत उठायची, असं करत दोरीपर्यंत आणलं तिला.
सात पिल्लं होती त्या सकाळी. काळी करडी, लेकाच्या तळहातात मावतील एवढी. पाण्यापासून थोडी लांब वाळूवर ठेवली आणि ती आपली आपणच निघाली. पाच गेली पटकन. सहावं लाटेबरोबर दोनदा मागे आलं. सातवं वाटेत पालथं पडलं आणि पाय हलवत राहिलं, लेक ओरडला त्याला उचला ना कुणीतरी. कासवमित्र म्हणाले, थांब जरा, त्याला जमतंय का बघू. सगळे गप्प. चार पाच वेळा धडपडून ते सरळ झालं आणि चालायला लागलं. लाट आली, गेली, पिल्लू नव्हतं. आई मोठ्याने म्हणाली, सात! ती सगळा वेळ मोजत होती.
खाडीकाठ काका, निघताना मी त्या पहिल्या काकूंकडे मुद्दाम जाऊन आले, त्यांच्याकडून कोकमाचं आगळ घेतलं. निशिगंध, लाइट खरंच पाच तास गेली होती, बर्फाची पेटी कामाला आली. दीर मे महिन्यात युथ हॉस्टेलच्या ट्रेकला नाव घालतोय.
आता शेगाव. वऱ्हाडकर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कोणती गाडी घेऊ?

खाडीकाठ
पाइपचं वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे एकाच न्हाणीघरात आहे, उरलेल्या दोन्हीत या आठवड्यात लावून घेतो. बायकोने तुमच्या आईंना उलट नमस्कार सांगितलाय.

वऱ्हाडकर
पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस घ्या, शेगावला थांबते, आईंसाठी खालचा बर्थ मागा. एकादशी आणि गुरुवार सोडून दिवस धरा. पाऊस नुकता पडलेला असेल तर फरशी ओली असते, आईंची रबरी टोकाची काठी बरोबर असू द्या. स्टेशनबाहेर कचोरी मिळते, बाबांना अर्धीच द्या.

अबोली_पुणे
तिकीट काढलं. मंगळवारी रात्री बसतोय. बाबांनी आजच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, पिशवीत धोतर आणि पोथी काढून ठेवलीये.